मुलांसह परदेशी जाताना : घर आधी की शाळा आधी?

सोलापुरात भाड्याचे घर पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. नळाला किती दिवसांआड पाणी येते, टाकी केवढी आहे, हौद स्वतंत्र आहे की सामाईक, हे कळल्याशिवाय भाड्याची बोलणी पुढे सरकत नाहीत. उजनीचे पाणी शहरापर्यंत आले, पण वर्षानुवर्षे ते रोज नळाला आले नाही. त्या अनुभवातून हे शहाणपण आले आहे. ज्या गोष्टीवाचून संसार अडतो ती आधी पाहावी, हवेशीर गच्ची आणि रंगरंगोटी नंतर. लहान मुलांना घेऊन परदेशी निघालेल्या कुटुंबाने सोबत न्यावा असा हा नियम आहे. पाण्याची जागा मात्र तिथे शाळा घेते.

जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीत चौकशी केली, तर मुलगा किंवा सून अमेरिकेत, जर्मनीत वा दुबईत असलेली घरे सहज सापडतात. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून पुण्याला नोकरीस लागलेली आणि कंपनीमार्फत बाहेर गेलेली ही पिढी. पहिल्यांदा एकटे जाणाऱ्याला घराची फारशी चिंता नसते. तिघे मिळून एखादी सदनिका घेतात, ऑफिस जवळ असले की झाले. पुढे लग्न होते, मूल होते, दुसऱ्यांदा जाण्याची वेळ येते आणि जुनाच हिशेब पुन्हा मांडला जातो : ऑफिसपासून अंतर किती आणि भाडे किती. चूक इथेच होते. मूल शाळेच्या वयाचे असेल तर अनेक देशांत घराचा पत्ता हाच शाळेचा प्रवेशअर्ज असतो, ही गोष्ट भारतीय पालकाच्या सहजी लक्षात येत नाही. आपल्याकडे शाळा निवडायची आणि मग रिक्षा किंवा व्हॅन लावायची, हा क्रम अंगवळणी पडलेला आहे.

अमेरिकेत सरकारी शाळा मोफत असतात आणि बहुसंख्य मुले तिथेच शिकतात. या शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, आणि प्रवेश पत्त्यावरून ठरतो. गावाच्या या टोकाला राहिले तर एक शाळा, रस्ता ओलांडला की दुसरी. प्रवेशाच्या वेळी भाडेकरार, वीजबिल असा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. साहजिकच ज्या भागातील शाळांचे नाव चांगले, तिथली भाडी चढी. कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनो किंवा फ्रीमाँट, न्यू जर्सीतील एडिसन या गावांत भारतीय कुटुंबांची दाटी झाली तिला शाळा हे एक मोठे कारण आहे. घरासाठी मोजलेले भाडे हे अर्धे शाळेचे शुल्कच असते म्हणा ना.

पण इथे एक उलट सावधगिरीही लागते. मोफत शिक्षण सर्वसाधारणपणे पाचव्या वर्षी, किंडरगार्टनपासून सुरू होते. त्याआधीची बालवाडी वा पाळणाघर बहुतेक ठिकाणी खासगी असते आणि त्याचा मासिक खर्च घरभाड्याच्या जवळ जाऊ शकतो. मूल दोन वर्षांचे असताना उत्तम शाळांच्या भागात चढ्या भाड्याचे घर घेणारे पालक तीन वर्षे अशा शाळेसाठी पैसे मोजतात, जिची पायरी त्यांचे मूल अजून चढणारच नाही. त्या वयात पाळणाघर, बाग आणि मुलांचे डॉक्टर जवळ असलेले साधे घर अधिक उपयोगाचे. शिवाय प्रवेशाचे वय राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्क शहरात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला किंडरगार्टनमध्ये घेतात. हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतील अनेक शाळा १ ऑक्टोबरची मर्यादा पाळतात, तर कॅलिफोर्नियात ती १ सप्टेंबर आहे. नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाचे एक वर्ष नदीच्या कोणत्या काठावर घर घेतले यावरून ठरू शकते. न्यूयॉर्क शहराने २०१४ पासून चार वर्षांच्या मुलांसाठीही मोफत वर्ग वाढवत नेले, हेही या हिशेबात धरायला हवे.

शाळांना गुण देणारी संकेतस्थळे पालक रात्र-रात्र चाळतात. ती पाहावीत, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. हे गुण मुख्यतः परीक्षांच्या निकालांवर बेतलेले असतात, आणि परीक्षांचे निकाल बऱ्याच अंशी पालकांच्या शिक्षणाचे व उत्पन्नाचे प्रतिबिंब असतात. घरात मराठी बोलणाऱ्या आणि इंग्रजीची सवय नसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या वर्षी कोण हात देणार, हा प्रश्न या गुणांत कुठेच येत नाही. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत वेगळे शिक्षक आहेत का, हे शाळेला पत्र लिहून विचारता येते, आणि उत्तर किती आस्थेने येते यावरूनही पुष्कळ कळते.

या बाबतीत घरदलाल फारसा उपयोगी पडत नाही. ‘इथे भारतीय कुटुंबे आहेत का?’ असे विचारले की अमेरिकी दलाल गप्प होतो. तो उर्मटपणा नव्हे. १९६८ च्या गृहनिर्माणविषयक कायद्याने वंश, धर्म, मूळ देश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवण्यास मनाई केली आहे. १९८८ मध्ये मुले असलेल्या कुटुंबांशी भेदभाव करण्यासही बंदी आली. त्यामुळे असे प्रश्न दलालाऐवजी ओळखीच्यांना विचारावेत. घरमालक मात्र एका शयनगृहात दोन माणसे हा हिशेब बहुधा लावतो, म्हणजे दोन मुलांच्या कुटुंबाला एका शयनगृहाचे घर मिळणे कठीण. सोलापुरात दोन खोल्यांत पाच माणसे सुखाने नांदतात हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

इंग्लंडमध्ये पत्त्याचे महत्त्व आहेच, पण तऱ्हा निराळी. तिथे अर्ज स्थानिक कौन्सिलकडे करायचा. शाळेकडे जागांपेक्षा अर्ज अधिक आले की आधीच ठरलेल्या निकषांनी क्रम लागतो. भावंड त्याच शाळेत असणे हा एक निकष, घरापासूनचे अंतर हा दुसरा. चर्चशी संलग्न शाळा त्या पंथाच्या कुटुंबांना अग्रक्रम देऊ शकतात, म्हणून घरासमोरची शाळा आपली असेलच असे नाही. सप्टेंबरात वर्ष सुरू होते आणि चार वर्षे पूर्ण केलेली मुले ‘रिसेप्शन’ वर्गात जातात. त्यासाठी आदल्या १५ जानेवारीपर्यंत अर्ज द्यावा लागतो. भारतातून निघालेले कुटुंब या तारखा सहसा चुकवते, कारण बदलीचे पत्र शाळेचे वेळापत्रक पाहून येत नाही.

मग वर्षाच्या मध्ये प्रवेश मागावा लागतो, आणि खरी अडचण तिथे उभी राहते. रिसेप्शन, पहिली आणि दुसरी या वर्गांत एका शिक्षकामागे ३० पेक्षा अधिक मुले ठेवायची नाहीत असा तिथे कायदा आहे. एकतिसाव्या मुलाला मुख्याध्यापकाने आग्रहाखातरही बाकावर बसवून घेता येत नाही. कौन्सिल कुठेतरी जागा देते, पण ती दोन-तीन मैलांवरची असू शकते. दोन मुले असतील तर एकाला एका शाळेत आणि दुसऱ्याला भलत्याच शाळेत जागा मिळून दोन्ही शाळा एकाच वेळी सुटतात, आणि आईने कोणाला आधी आणायचे हा रोजचा पेच होतो. उपाय इतकाच की भाडेकरारावर सही करण्यापूर्वी कौन्सिलच्या शाळाप्रवेश विभागाला फोन किंवा ईमेल करून आपल्या मुलांच्या इयत्तांत आज कोणत्या शाळांत जागा शिल्लक आहेत ते विचारावे. रिकाम्या जागांचा नकाशा हाती आला की घर त्यात शोधावे. तपासणी करणाऱ्या ‘ऑफस्टेड’ या संस्थेने सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणे बंद केले आहे. त्यामुळे जुन्या ‘आउटस्टँडिंग’च्या पाट्यांना भुलण्यापेक्षा अहवालाचे पूर्ण पान वाचलेले बरे.

खर्चाचे दोन आकडे निघण्यापूर्वीच माहीत हवेत. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांसाठी ७७६ पौंड झाला, आणि तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा एकरकमी घेतला जातो. चौघांच्या कुटुंबाचा तीन वर्षांचा हिशेब केला तर दहा हजार पौंडांहून अधिक होतो. कंपनी तो देणार की आपण, हे पगाराच्या बोलणीतच ठरवावे. दुसरे, तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास बालवाडी मोफत मिळते. नोकरदार पालकांना मिळणाऱ्या ३० तासांच्या जाहिराती सर्वत्र दिसतात, पण ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ नाही असा शेरा असतो त्यांना त्या बहुधा लागू पडत नाहीत. आणि पुढे शिकायला म्हणून निघालेल्यांनी हेही पाहावे की जानेवारी २०२४ पासून संशोधन-अभ्यासक्रम वगळता बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत नेता येत नाहीत.

जर्मनीचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. तिथे भाषा आड येते, आणि मुलाचे वय हा निर्णायक मुद्दा ठरतो. तीन-चार वर्षांचे मूल ‘किटा’मध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत जाऊ लागले की वर्षभरात आईवडिलांची जर्मन सुधारू लागते. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क ऑगस्ट २०१३ पासून आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत जागांची टंचाई असते आणि महिनोन् महिने वाट पाहावी लागते. बर्लिनने २०१८ मध्ये किटाचे शुल्क माफ केले, पालकांना जेवणाचा थोडा खर्च तेवढा येतो. इतर राज्यांत नियम निराळे आहेत. सहा वर्षांनंतर शाळा सक्तीची, आणि घरी शिकवण्याची मुभा नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे चित्र मात्र बदलते. बहुतेक जर्मन राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि त्यानंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाकडे नेणारी वाट ‘गिम्नाझियम’ची. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीतील जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर हा दरवाजा उघडतो; तिथे १ हा सर्वोत्तम गुण, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. सोलापुरातून तिसरीत नेलेल्या मुलाने दीड वर्षात जर्मन विषयात असे गुण मिळवावेत ही अपेक्षा कठोर आहे. उशिरा आलेल्या मुलांसाठी काही सवलती आहेत, चाचणी-वर्गांचा मार्ग आहे, पुढे शाळा बदलताही येते, तरी पोरावर यायचा तो ताण येतोच. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते, त्यामुळे अशा मुलाला दोन वर्षे अधिक मिळतात. एकाच कंपनीची कचेरी दोन्ही शहरांत असेल आणि निवडीला वाव असेल, तर पगारातील थोड्याफार फरकापेक्षा ही दोन वर्षे मोलाची मानावीत. अन्यथा आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, पण त्यांचे वार्षिक शुल्क हजारो युरोंत जाते आणि ते कंपनी देणार नसेल तर साधारण पगारात झेपत नाही.

जर्मनीत घर मिळवण्याची एक गंमतही सांगायला हवी. रिकाम्या घरात स्वयंपाकाचा ओटा, कपाटे, शेगडी यांतले काहीच नसण्याची शक्यता असते. भाडेकरूने ती आपली आणायची आणि जाताना घेऊन जायची. जाहिरातीतील ‘थंड भाडे’ म्हणजे निव्वळ जागेचे, ‘उबदार भाडे’ म्हणजे तापवण्यासह इतर खर्च धरून. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत असू शकते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. जो मालक भाडे घेतो पण हे पत्र देत नाही, त्याचे घर कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे, कारण त्या नोंदीवाचून बँक, करक्रमांक, शाळा सारेच अडते.

दुबईला जाणाऱ्यांचा मार्ग तुलनेने ओळखीचा. परदेशी मुले तिथे बहुतांशी खासगी शाळांत शिकतात, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मुबलक आहेत आणि त्यांचे वर्ष एप्रिलपासून सुरू होते. तीन-चार वर्षांत परतायचे निश्चित असेल तर मुलाचे सीबीएसईचे धागे तुटत नाहीत, हा मोठा लाभ. इथे पत्त्यावर प्रवेश अवलंबून नाही. पण शुल्क खिशातून जाते आणि बसचा प्रवास मुलाच्या अंगावर येतो. शारजात भाडी कमी म्हणून अनेक कुटुंबे तिथे राहतात आणि वडील दुबईला नोकरीला जातात. सकाळच्या कोंडीत जाणारा वेळ हा त्या स्वस्ताईचा न दिसणारा हप्ता. त्यात आणखी एक गोष्ट : २०२२ पासून शारजातील शाळांना शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी असते, तर दुबईतील कचेऱ्या शुक्रवारी चालू असतात. आईवडील दोघेही दुबईत नोकरी करणार असतील तर शुक्रवारी मूल कोणाकडे, याचा विचार घर घेण्यापूर्वीच व्हावा. कुटुंबाला व्हिसा मिळण्यासाठी प्रायोजकाचा पगार किमान ४,००० दिरहम, किंवा राहण्याची सोय आणि ३,००० दिरहम असावा लागतो. पण तेवढ्या पगारात भाडे आणि शाळा दोन्ही भागवणे दुरापास्त आहे.

घर निवडताना सर्वांत कमी विचार होतो तो घरी राहणाऱ्या व्यक्तीचा, आणि ती बहुधा आई असते. अमेरिकेत एच-वन व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला सर्वसाधारणपणे नोकरी करता येत नाही; २०१५ पासून फक्त ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापुढे गेलेल्यांच्या जोडीदारांना परवानगी मिळू लागली. सोलापुरात शाळेत शिकवणारी किंवा बँकेत काम करणारी स्त्री तिथे एकाएकी दिवसभर घरात बसते. डॅलसच्या उपनगरात घर ऐसपैस मिळते, पण गाडीवाचून दूध आणणेही अवघड. एकच गाडी असेल तर ती सकाळी नवऱ्याबरोबर जाते. जर्सी सिटीत त्याच भाड्यात घर लहान मिळेल, परंतु पायी जाण्याजोगे वाचनालय, बाग, आगगाडी आणि नेवार्क ॲव्हेन्यूवरची भारतीय दुकाने हाताशी असतील. अमेरिकेतील सार्वजनिक वाचनालयांत लहानग्यांसाठी विनामूल्य गोष्टींचे तास असतात, आणि नव्या आईच्या पहिल्या ओळखी पुष्कळदा तिथेच होतात. एक खोली कमी असलेले पण पायी चालता येणारे ठिकाण पहिल्या वर्षी तरी अधिक सुखाचे ठरते.

आपल्या माणसांच्या वस्तीत राहावे की नाही, यावर मतभेद आहेत आणि राहतील. सोलापूरला तरी हा प्रश्न नवा नाही. १८७० च्या दशकात इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येत राहिली. ती शहराच्या पूर्व भागात मागांच्या आसऱ्याने वसली. तिथे त्यांची देवळे झाली, शिक्षणसंस्था झाल्या, महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळाही निघाल्या. घरात तेलुगू आणि रस्त्यावर मराठी बोलणारी मुले चार पिढ्या या शहरात वाढली. घरच्या तेलुगूमुळे त्यांची मराठी काही कच्ची राहिली नाही. परदेशातील मराठी पालकांनी हे उदाहरण आठवावे. ‘इंग्रजी लवकर यावी म्हणून घरातही इंग्रजीच बोला’ हा सल्ला बिनदिक्कत दिला जातो, त्याला फारसा आधार नाही. शाळेची भाषा मूल शाळेत उचलतेच. घरातली भाषा गेली की आजी-आजोबांशी बोलणे खुंटते, आणि परत आल्यावर सोलापूरच्या शाळेत मराठीच्या पेपरात त्याची किंमत मोजावी लागते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले आणि अनेक मंडळे सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा चालवतात. अशी शाळा घरापासून अर्ध्या तासावर असली तर मूल जाते. दीड तासावर असली तर गणपतीपुरतेच जाणे होते.

प्रत्यक्ष घरात शिरल्यावर काही गोष्टी निरखाव्यात. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेल्या घरांत शिसेयुक्त रंग असू शकतो. रांगणारे मूल खिडकीच्या चौकटीचे पोपडे तोंडात घालते, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. असा रंग असल्याचे माहीत असेल तर घरमालकाने करारापूर्वी लेखी कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ते पत्रक मागून घ्यावे. वरच्या मजल्यावरील लाकडी जमिनीचे घर मुलांच्या धावण्याने दणाणते आणि खालच्या शेजाऱ्याची तक्रार येते, म्हणून तळमजला बरा. राहता राहिली भाकरी. विजेच्या शेगडीवर ती फुगत नाही, आणि फुगवण्याच्या खटपटीत धुराचा भोंगा वाजून पोर घाबरून उठते. गॅसची शेगडी आणि धूर बाहेर नेणारा पंखा आहे का, हे पाहून घेण्यात काही कमीपणा नाही.

सोलापुरात बसून वर्षाचा करार करावा का? शक्यतो करू नये. पहिला महिना सामानसुमान असलेल्या तात्पुरत्या जागेत काढावा, आणि तिचे भाडे कंपनीकडून मागावे. संगणकावर सुंदर छायाचित्रे दाखवून, मालक परगावी असल्याचे सांगून अनामत आधी मागणारे भामटे प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. घर स्वतः किंवा विश्वासू माणसाने पाहिल्याखेरीज पैसे पाठवू नयेत. अनामतीला काही ठिकाणी कायद्याची मर्यादाही आहे : न्यू जर्सीत दीड महिन्याचे भाडे, इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असल्यास पाच आठवड्यांचे.

कागदपत्रांपैकी दोन सोलापुरातच नीट करून न्यावीत. पहिला जन्मदाखला. आपल्याकडे जन्माची नोंद रुग्णालयातून लगेच होते, नाव मात्र बारशाला ठेवले जाते. त्यामुळे कित्येक दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा कोरीच राहते. पहिल्या वर्षात हे नाव विनामूल्य आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. दाखल्यावर, पासपोर्टवर आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचे व आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एकच असावे. दुसरे, लसीकरणाची वही. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, अमेरिकेतील शाळा मात्र ती मागतात. हिपॅटायटिस ‘ए’चीही काही राज्यांत मागणी असते. या लसी इथल्या बालरोगतज्ज्ञाकडे निघण्यापूर्वी घेता येतात, आणि तारखांसह इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यानिशी घ्याव्यात. जन्मतः दिलेल्या बीसीजीमुळे क्षयाची त्वचाचाचणी सकारात्मक येऊ शकते. तिकडच्या डॉक्टरला ते आधीच सांगून रक्तचाचणी मागावी, म्हणजे ठणठणीत मुलाला विनाकारण औषधे सुरू होत नाहीत.